तारणासाठी देवाचे सामर्थ्य : सुवार्तेच्या दाव्यामागचा इतिहास

इ.स. 57 च्या सुमारास प्रेषित पौल, ख्रिस्ताचा संदेश सांगत फिरणारा पहिल्या पिढीतला प्रचारक, ग्रीसमधल्या करिंथ शहरात होता. रोमची मंडळी, म्हणजे तिथला ख्रिस्ती समुदाय, त्याने अजून पाहिलेली नव्हती. तिथून पुढे स्पेनला जाण्याचा त्याचा बेत होता. त्याआधी त्याने त्या मंडळीला पत्र (‘रोमकरांस पत्र’) पाठवले आणि सुरुवातीलाच सांगून टाकले, की मला सुवार्तेची, म्हणजे ख्रिस्ताविषयीच्या शुभवार्तेची, लाज वाटत नाही. कारण विश्वास ठेवणाऱ्या प्रत्येकाच्या तारणासाठी (पाप आणि मरण यांतून सुटकेसाठी), आधी यहुद्याच्या आणि मग हेल्लेण्याच्या (ग्रीकाच्या), ती देवाचे सामर्थ्य आहे.

लाजेचा उल्लेख उगाच आलेला नाही. येशूला ज्यावर खिळले तो वधस्तंभ (क्रूस) ही गुलामांची आणि बंडखोरांची शिक्षा होती. रोमन नागरिकाला ती सहसा देत नसत. मोशेच्या नियमशास्त्रात तर झाडावर टांगलेल्याला देवाचा शाप लागलेला असतो, असेच म्हटले आहे. अशा मरणाने मेलेला येशू जगाचा तारणारा आहे, हे यहुद्यांना अडखळण आणि हेल्लेण्यांना मूर्खपणा वाटते, हे पौलाने करिंथकरांना पाठवलेल्या पहिल्या पत्रात आधीच लिहिले होते. त्याच पत्राच्या पंधराव्या अध्यायात सुवार्तेचा गाभा दिला आहे : ख्रिस्त आपल्या पापांसाठी मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला. हे मला मिळाले तेच तुम्हाला सोपवले, असे तो म्हणतो. म्हणजे हा संदेश त्याच्या पत्रांहून जुना आहे. आणि आपण वक्तृत्व घेऊन आलो नाही, हेही तो आवर्जून सांगतो. सामर्थ्य उपदेशकाच्या वाणीत नाही. ज्या देवाने ख्रिस्ताला मेलेल्यांतून उठवले, त्याचे ते आहे. मला हा सगळ्या विषयाचा कणा वाटतो, आणि नेमका तोच पुन्हापुन्हा विसरला गेला आहे.

याची मुळे इस्राएलच्या इतिहासात आहेत. तिथे तारण म्हणजे मिसरच्या दास्यातून सुटका, बाबेलच्या बंदिवासातून परत येणे. डोंगरांवरून शुभवर्तमान घेऊन येणाऱ्या दूताचे पाय किती मनोरम, असे यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात गायले आहे ते या परतीच्या आशेनेच. येशूने गालीलात देवाच्या राज्याची घोषणा केली तेव्हा ऐकणाऱ्यांच्या मनात हाच वारसा जागा होता. पुढे प्रश्न आला : परराष्ट्रीयांनी, म्हणजे यहुदी नसलेल्यांनी, तारणासाठी यहुदी रीतीप्रमाणे सुंता करून घ्यावी का? इ.स. 49 च्या सुमारास यरुशलेमेत प्रेषित आणि वडील जमले. परराष्ट्रीयांचे तारण जसे प्रभू येशूच्या कृपेने, तसेच आपलेही, असे येशूचा शिष्य पेत्र याने तिथे सांगितले, आणि सुंतेची अट लादली गेली नाही.

पुढच्या शतकांत पूर्वेकडे अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याने तारणाकडे मरण आणि नाश यांच्यावरचा विजय म्हणून पाहिले. पश्चिमेत पाप आणि कृपा हा मुद्दा पुढे राहिला. इ.स. 386 मध्ये मिलानच्या बागेत ऑगस्टीनने (पुढे पश्चिमेतला मोठा ख्रिस्ती विचारवंत) पौलाचे रोमकरांस पत्र उघडले, त्यातल्या ओळी वाचल्या आणि त्याचे जीवन पालटले. माणूस स्वतःच्या बळावर पापमुक्त राहू शकतो, या पेलाजियसच्या शिकवणीला त्याने नंतर कडाडून विरोध केला. 418 च्या कार्थेज परिषदेने ती शिकवण धिक्कारली.

तरीही मध्ययुगाच्या अखेरीस पापविमोचन पत्रे, म्हणजे पापाच्या शिक्षेतून सूट देणारी चर्चची पत्रे, विकली जाऊ लागली. जर्मनीतल्या विटेनबर्गमध्ये मार्टिन ल्यूथर हा संन्यासी प्राध्यापक 1515 पासून रोमकरांस पत्रच शिकवत होता. त्यातल्या ‘देवाचे नीतिमत्त्व’ या शब्दांची त्याला धास्ती वाटे. पुढे त्याला उमगले, की देव ते शिक्षा देण्यासाठी वापरत नाही, तर विश्वासाने स्वीकारणाऱ्याला दान देतो. पापविमोचन पत्रांविरुद्ध त्याने 1517 मध्ये मांडलेल्या 95 प्रबंधांनंतर पश्चिमेकडची मंडळी कॅथलिक आणि प्रोटेस्टंट अशी दुभंगली. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेने 1547 मध्ये ‘केवळ विश्वासाने’ ही भूमिका नाकारली. मात्र कृपेवाचून कोणी नीतिमान ठरत नाही, हे तिनेही ठामपणे म्हटले. वादाच्या गदारोळात ही बाजू अनेकदा दिसेनाशी होते.

24 मे 1738 रोजी लंडनच्या आल्डर्सगेट रस्त्यावरच्या एका सभेत रोमकरांस पत्राला ल्यूथरने लिहिलेली प्रस्तावना वाचली जात होती. ऐकणाऱ्यांत मेथडिस्ट चळवळीचा प्रणेता जॉन वेस्ली होता. तो दीक्षित पाळक होता, अमेरिकेतल्या जॉर्जियात सेवा करून आलेला. तरी ख्रिस्ताने माझीच पापे दूर केली, ही खात्री त्याला त्या संध्याकाळी झाली.

31 ऑक्टोबर 1999 रोजी ऑग्सबुर्गमध्ये लुथरन जागतिक संघ आणि रोमन कॅथलिक चर्च यांनी एका संयुक्त घोषणेवर सह्या केल्या : आमच्या कोणत्याही पुण्याईमुळे नव्हे, केवळ कृपेने, ख्रिस्ताच्या तारणकार्यावरील विश्वासाने देव आम्हाला स्वीकारतो. 2006 मध्ये मेथडिस्टांनी तिला संमती दिली, आणि 2017 मध्ये रिफॉर्म्ड (प्रोटेस्टंटांची दुसरी मोठी शाखा) मंडळ्यांच्या जागतिक संघटनेनेही, तीही विटेनबर्गमध्येच.