मुख्याध्यापक बदलण्याकडून मुख्याध्यापक घडवण्याकडे

अमेरिकेत शाळा-नेतृत्व आणि शाळासुधारणेतल्या नावीन्यपूर्ण कामासाठी शिक्षणशास्त्राच्या प्राध्यापकांना आज सन्मान मिळतात. नापास ठरलेल्या शाळांचं करायचं काय, या जुन्या वादातून हे काम पुढे आलं.

१९६६ च्या गाजलेल्या सरकारी अहवालाचा लोकांनी घेतलेला अर्थ असा, की मुलाच्या यशात शाळेपेक्षा घरच्या परिस्थितीचा वाटा मोठा. सत्तरच्या दशकात काही संशोधकांनी गरीब वस्त्यांतल्या चांगल्या चाललेल्या शाळा शोधल्या. तिथे खंबीर मुख्याध्यापक आणि प्रत्येक मुलाकडून मोठ्या अपेक्षा या गोष्टी पुन्हापुन्हा आढळल्या.

धोरणकर्त्यांनी त्यातला मुख्याध्यापक तेवढा उचलला, आणि तोही दोषी ठरवण्यासाठी. २००२ च्या कायद्याने २०१४ पर्यंत सगळी मुलं वाचन-गणितात प्रवीण व्हावीत असं लक्ष्य ठेवलं. ते कुठलंच राज्य गाठणार नव्हतं. मग २००९ मध्ये मंदीवरच्या उपाययोजनेतून शाळासुधारणा अनुदानात ३ अब्ज डॉलर ओतले गेले आणि सोबत नापास शाळांसाठी सुधारणेची चार प्रारूपं आली, त्यांतलं एक निवडणं भाग होतं. शाळा बंद करा, बाहेरच्या संस्थेकडे सोपवा, किंवा उरलेल्या दोनांपैकी एक निवडा. या दोन्हींत मुख्याध्यापकाला हटवणं सक्तीचं होतं; नुकताच नेमलेला असेल तरच सूट. एका प्रारूपात तर जुन्या शिक्षकांपैकी निम्म्याहून जास्त परत घेता येत नव्हते.

नवा माणूस आणायचा कुठून, याचं उत्तर नियमात नव्हतं. दुर्गम ग्रामीण जिल्ह्यांत आधीच अर्ज येत नसत, तिथे अनुदान हवं म्हणून चांगल्या माणसालाही जावं लागण्याची वेळ आली. काही राज्यांतल्या अभ्यासांना गुण वाढलेले दिसले, हे खरं. पण २०१७ च्या देशव्यापी सरकारी मूल्यमापनात परीक्षेचे गुण, शालान्त उत्तीर्णता, महाविद्यालय प्रवेश यांपैकी कशावरही लक्षणीय परिणाम आढळला नाही. तोवर जवळपास ७ अब्ज डॉलर खर्च झाले होते. दोष व्यक्तीवर ढकलण्याची ही किंमत होती. त्या मूल्यमापनाआधीच, २०१५ च्या नव्या कायद्याने ते अनुदान रद्द केलं आणि शिक्षक-प्रशिक्षणाच्या केंद्रीय निधीतला ३ टक्क्यांपर्यंतचा जादा वाटा मुख्याध्यापकांसाठी राखायची मुभा राज्यांना दिली.

विद्यापीठांवरही ताशेरे आले होतेच. मुख्याध्यापक तयार करणारे बहुतांश अभ्यासक्रम निकृष्ट आहेत आणि शिक्षणातली व्यावसायिक डॉक्टरेट (प्रत्यक्ष शाळांत काम करणाऱ्यांसाठीची पदवी) बंदच करावी, असं २००५ च्या एका अहवालाने सुचवलं. ती बंद झाली नाही. २००७ पासून पंचवीसेक विद्यापीठांनी मिळून तिची नव्याने मांडणी सुरू केली, आणि प्रबंधाचा विषय विद्यार्थ्याच्या स्वतःच्या शाळेतला प्रश्न असावा हा आग्रह रुजला.

असे प्रश्न सोडवण्याची पद्धत आली कारखाने आणि रुग्णालयांतून: योजना करा, छोट्या प्रमाणात करून बघा, तपासा, बदला. समजा नववीत गैरहजेरी वाढली आहे. सगळ्या शाळेसाठी फतवा काढायचा नाही. एका तुकडीत दोन आठवडे सकाळीच पालकांना फोन करायचे, रोजचा आकडा लिहायचा, फरक नसेल तर फोनची वेळ किंवा फोन करणारी व्यक्ती बदलायची. प्राध्यापकाने मुख्याध्यापकासोबत त्या आकड्यांपाशी बसायचं, दुसऱ्या शाळांचा अनुभव समोर ठेवायचा. यात वर्षं जातात आणि शोधनिबंध थोडे निघतात. संशोधनाला वाहिलेल्या विद्यापीठांत बढतीच्या वेळी मोजले जातात ते मात्र प्रामुख्याने शोधनिबंधच, म्हणून या कामासाठी वेगळा सन्मान असणं रास्त आहे.