फुगलेला पार्टिकल बोर्ड वाळला तरी बसत नाही

सागाची फळी भिजली तर फुगते आणि वाळली की बरीचशी मूळपदावर येते. जुन्या स्पीकरचं कॅबिनेट तसं वागत नाही. वरून अक्रोडाचं दिसत असलं तरी १९७०च्या दशकातली बहुतेक कॅबिनेटं आतून पार्टिकल बोर्डची असतात. अक्रोड म्हणजे वर चिकटवलेलं अर्ध्या-पाऊण मिलिमीटरचं व्हिनियर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा. पार्टिकल बोर्डसाठी कारखान्यात लाकडाचा चुरा राळेत मिसळून गरम दाबाखाली चेपलेला असतो. पाणी शिरलं की चेपलेले कण पुन्हा पसरतात आणि त्यांना धरून ठेवणारी युरिया-फॉर्माल्डिहाइडची राळ तुटते. म्हणून १९ मिलिमीटरचा बोर्ड कडेला २३-२४ होतो आणि वाळल्यावरही जवळपास तेवढाच राहतो. स्पीकर थेट लादीवर ठेवला असेल तर त्यासाठी पूर यायला नको, रोजचं पोछ्याचं पाणी पुरतं.

आधी वूफर (खर्जाचा स्पीकर), ट्विटर (उंच सुरांचा छोटा स्पीकर), क्रॉसओव्हर (आवाज या दोघांत वाटणारं सर्किट) आणि आतला कापूस बाहेर काढा. त्याआधी तारांचे फोटो घ्या. कॅबिनेट ठोकळ्यांवर आडवं ठेवून पंखा लावा; उन्हात नको, व्हिनियर तडकतं. दर दोन दिवसांनी वजन करा. आठवडाभर काटा हलला नाही की वाळलं. मुंबई-कोकणात जुलैमध्ये मात्र हे काम काढू नका: हवेत ८० टक्के आर्द्रता असेल तर लाकूड १६ टक्क्यांच्या आसपास पाणी धरूनच बसतं.

भुसभुशीत कडेला फेव्हिकॉल भरायचा मोह होतो. पण त्यातही पाणीच असतं, कण आणखी फुगतात. इथे पातळ इपॉक्सी लागते, म्हणजे रेझिन आणि हार्डनर कालवल्यावर घट्ट होणारा गोंद. कॅबिनेट उलटं करून फुगलेल्या कडेत जाडीच्या मधोमध ३ मिलिमीटरची, ३० मिलिमीटर खोल भोकं दर २५ मिलिमीटरवर पाडा आणि सिरिंजने भरत राहा. बोर्ड पिणं थांबेपर्यंत. रेझिनची बाटली ४० अंशांच्या पाण्यात ठेवली तर ते जास्त आत झिरपतं, पण लवकर घट्टही होतं. त्यामुळे एका वेळी २०-३० मिलिलिटरच कालवा. मग पॅकिंग टेप गुंडाळलेल्या दोन सरळ पट्ट्यांमध्ये कड धरून क्लॅम्प आवळा, भेगा मिटतील इतपतच. १९वर आणायच्या हट्टाने आवळलं तर रेझिन बाहेर येतं आणि व्हिनियर चिरतं. २४ तास हात लावू नका.

उरलेला दोन-तीन मिलिमीटरचा फुगवटा बाहेरून घासायचा नाही; चार हातांत व्हिनियर संपतं. तेवढी पट्टी इस्त्रीने गरम करून सोडवा, बोर्ड रंध्याने उतरवा, नवी पट्टी लावा. जमिनीलगतचा सांधा फारसा दिसत नाही. वूफरचे स्क्रू बसतात ती पुढची फळीच कुजली असेल तर डागडुजी सोडा, आतलं आकारमान तेच ठेवून प्लायवूडची नवी करा.

पॉलिशमधला पांढरट डाग अनेकदा वाळताना आपोआप जातो. काळा डाग लोखंड आणि लाकडातल्या टॅनिनचा (तुरट द्रव्याचा). त्यासाठी पॉलिश उतरवून ५० ग्रॅम ऑक्झॅलिक अ‍ॅसिड अर्धा लिटर कोमट पाण्यात विरघळवा आणि पिळलेल्या फडक्याने पूर्ण फळीवर लावा, नुसत्या डागावर लावलं तर तिथे फिकट ठिपका उमटतो. २० मिनिटांनी ओल्या फडक्याने तीनदा पुसा. हे अ‍ॅसिड विषारी आहे. हातमोजे आणि चष्मा हवाच.

शेवटी वूफर-ट्विटर परत बसवून हवेची गळती तपासा. अकॉस्टिक रिसर्च कंपनीच्या १९५४च्या एआर-१ स्पीकरसारख्या सीलबंद कॅबिनेटमध्ये आतली हवाच वूफरची स्प्रिंग असते. वूफरचा कोन (पुढे-मागे हलणारा पडदा) हलकेच आत दाबून सोडा: तो सावकाश परत आला पाहिजे. झटकन आला तर कुठेतरी फट आहे. २०-३० हर्ट्‌झचा सूर बारीक आवाजात लावून सांध्यांजवळून उदबत्ती फिरवा. धूर जिथे थरथरतो, तिथे आतून इपॉक्सी भरा.