प्रायमरी गिअर : सरळ दाती व तिरप्या दाती

मोटारसायकलच्या इंजिनात क्रँकच्या (पिस्टनने फिरणाऱ्या दांड्याच्या) टोकावरचे लहान दंतचक्र आणि क्लच हाउसिंगला रिव्हेटने जोडलेले मोठे दंतचक्र मिळून प्रायमरी जोडी होते; ती इंजिनाचा जोर क्लचकडे नेते. येझदीत हे काम साखळी करी. मोटोक्रॉसच्या अनेक इंजिनांत दात सरळ असतात, रस्त्यावरच्या गाड्यांत बहुधा तिरपे.

तिरप्या दाताचा उगम वादग्रस्त आहे. सतराव्या शतकात रॉबर्ट हूक यांनी पातळ चकत्या थोड्या थोड्या सरकवून जोडलेले चक्र मांडले; सलग तिरप्या दाताचे श्रेय काही जण जेम्स व्हाइट यांना देतात (साधारण 18 व्या शतकाची अखेर). चकत्या अगणित केल्या की तिरपा दातच उरतो, त्यामुळे कल्पनेचे मूळ हूककडे नेणे अधिक सयुक्तिक वाटते. पुढे दुहेरी तिरप्या दाताची चक्रे आली; सिट्रोएनचे बोधचिन्ह त्यांचेच.

सरळ दात पूर्ण रुंदीने एकदम भिडतो, म्हणून आवाज करतो. जुन्या जीपची रिव्हर्समधली शीळ त्याच जातीची. तिरपा दात एका कडेकडून भार घेत जातो. मात्र त्यात अक्षाच्या दिशेने रेटा निर्माण होतो : दात 15° तिरपा असेल तर स्पर्शी बलाच्या (चक्र फिरवणाऱ्या बलाच्या) सुमारे 27 टक्के, 20° ला 36 टक्के. क्रँकवर 20 न्यूटन-मीटर आणि चक्राची त्रिज्या 25 मिमी धरली, तर 800 न्यूटन बलामागे 20° ला 290 न्यूटनचा रेटा येतो. थ्रॉटल सोडला की त्याची दिशा उलटते. हाउसिंग डुलते, हा रेटा झेलणारी चकती (थ्रस्ट वॉशर) झिजते, क्लचचा प्ले बदलत राहतो. सरळ दाती जोडीत हे नाही, हाच तिचा खरा लाभ. ‘सरळ दात म्हणजे मजबूत’ हा समज मात्र अर्धवट आहे. रेसिंग संचांची ताकद बरीचशी जाड दातांतून व रुंद चक्रातून येते. इंजिनाची शक्ती वाचण्यातला फरकही किरकोळच.

जोडी नेहमी दोन्ही चक्रांसह बदलावी. तिरप्या जोडीत एक उजवे असेल तर दुसरे डावे लागते. त्याच मॉड्यूलचे (दाताच्या आकारमानाचे), तितक्याच दातांचे 20° चे चक्र सरळ चक्रापेक्षा व्यासाने 6.4 टक्के मोठे भरते, म्हणून त्याच केसिंगमध्ये बसवताना दातांची संख्या किंवा मॉड्यूल बदलावे लागते. संख्या बदलली की गुणोत्तरही सरकते. चक्राचा नट सोडवताना दातांत तांब्याची किंवा अ‍ॅल्युमिनियमची पट्टी धरावी, लोखंड नको. काही इंजिनांत नट डाव्या आट्यांचा असतो. शेजारी बॅलन्सर गिअर (इंजिनाची थरथर कमी करणाऱ्या वजनाचे चक्र) असल्यास खुणा जुळवूनच बंद करावे, नाहीतर गाडी थरथरते. हाउसिंगचे रबर किंवा स्प्रिंग सैल झाल्याची खडखड अनेकदा दातांच्या माथी मारली जाते.

खानापूर-जांबोटीच्या पावसाळी चिखलात ब्रीदरमधून (इंजिनाच्या हवा सोडणाऱ्या नळीतून) पाणी शिरले की ऑइल दुधाळ होते आणि दातांवर खड्डे पडू लागतात. ऑइलमध्ये बुडून चालणाऱ्या (ओल्या) क्लचसाठी जासो एमए (JASO MA) या जपानी मानकाच्या दर्जाचे ऑइल हवे.

सुटा भाग न मिळाल्यास बेळगावच्या उद्यमबागेत जॉबवर्कने चक्र कापून घेता येते. तिरपा कोन काढण्यासाठी जुन्या चक्राच्या दातांना शाई लावून ते कागदावर लोळवतात. हा ठसा दातांच्या टोकावरचा कोन दाखवतो. पिच वर्तुळावरचा (दाताच्या उंचीच्या साधारण मधोमध मानलेल्या वर्तुळावरचा) कोन त्याहून कमी असतो. दुरुस्ती न करता तोच कोन हॉबिंगला (यंत्रावर दात कापण्याला) दिला, तर भार एकाच कडेवर येतो व केस-हार्डनिंग केलेला (पृष्ठभाग कडक केलेला) दातही कोपऱ्यातून उडतो.