जुन्या टॉगल प्रेसमध्ये नेमकं काय झिजतं?

पुण्याकडच्या भोसरी, चिंचवड किंवा रामटेकडीच्या लहान शेडमध्ये टेबलाला बोल्टने आवळलेली एखादी हाताची टॉगल प्रेस हमखास दिसते. बुश (भोकात बसणारी धातूची छोटी नळी) दाबून बसवणं, रिव्हेट फुलवणं, पत्र्यावर नंबर उठवणं असली कामं ती वर्षानुवर्षं निमूट करते. मग एक दिवस बुश पुरता बसेनासा होतो, रिव्हेटचं डोकं एका अंगाला कलायला लागतं. अशा वेळी दोन सल्ले ठरलेले असतात. एक, स्क्रू फिरवून रॅम, म्हणजे दाब देणारा दांडा, जरा खाली घ्या. दुसरा, हिचा काळ संपला, जुन्या बाजारात काढून टाका. पहिल्या सल्ल्याने दुखणं झाकलं जातं आणि दुसऱ्याने चांगलं यंत्र भंगारात जातं. बिडाची बॉडी सहसा झिजत नाही. झिजतात त्या तीन पिना आणि त्यांची भोकं, नंतर रॅमची वाट, म्हणजे तो जिच्यातून सरकतो ती जागा. हे सगळं दुरुस्त होण्यासारखं आहे.

अमेरिकेत हौशी नेमबाज वापरलेल्या पितळी पुंगळ्या पुन्हा भरायला जी रीलोडिंग प्रेस वापरतात, तीही याच जातीची. फरक इतकाच की तिचा रॅम बहुधा खालून वर येतो. आपल्याकडे काडतुसं बनवायला शस्त्र अधिनियम १९५९ खाली परवाना लागतो, म्हणून इथे उदाहरण वर्कशॉपमधल्या प्रेसचं घेतो. पिना-बुशांचं शास्त्र दोन्हीकडे एकच.

टॉगल म्हणजे दोन लिंक (जोडपट्ट्या) आणि मधला सांधा. वरची लिंक बॉडीला, खालची रॅमला जोडलेली. हँडल ओढलं की मधला सांधा सरळ होत जातो आणि रॅम खाली सरकतो. अर्ध्या उठाबशीत उभं राहिलं की मांड्या भरून येतात, पाय ताठ केले की तेच वजन सहज पेलतं. टॉगलचा गुडघाही तसाच वागतो. तो जितका सरळ, तितकी त्याची ताकद जास्त.

हे आकड्यांत बघण्यासारखं आहे. प्रत्येक लिंक उभ्या रेषेशी जो कोन करते त्याला θ म्हणू. मधल्या सांध्यावर आडवा जोर एफ असेल, तर रॅमवर मिळणारा जोर एफ भागिले दुप्पट टॅन θ. सांध्यावर ५० किलोचा जोर धरा. कोन ३० अंश असताना रॅमवर जेमतेम ४३ किलो मिळतात, म्हणजे दिल्यापेक्षा कमीच. १० अंशांवर १४२ किलो, ५ अंशांवर २८६, २ अंशांवर ७१६ आणि १ अंशावर तब्बल १,४३२ किलो. हात तोच, हँडल तेच. ही वाढ फुकटची मात्र नाही. लिंकची लांबी १०० मि.मी. असेल, तर शेवटच्या १० अंशांत रॅम फक्त ३ मि.मी. सरकतो, शेवटच्या ५ अंशांत ०.७६ मि.मी. आणि शेवटच्या अंशात ०.०३ मि.मी. जोर वाढतो त्या प्रमाणात चाल घटते, ऊर्जेचा हिशोब चुकत नाही.

आता झिजेचं गणित याच्यावर ठेवून बघा. तीन सांधे, प्रत्येकात पाव मिलिमीटर प्ले, म्हणजे ढिलेपणा. हाताने हलवून पाहिलं तर हा प्ले जेमतेम जाणवतो. पण रॅम स्वतःच्या वजनाने लोंबत खाली येतो, त्यामुळे येताना सगळे सांधे ताणलेले असतात. जॉबला, म्हणजे दाबायच्या वस्तूला, टेकला की रॅम थांबतो आणि लिंक पुढे चालत राहतात, तिन्ही सांध्यांतला प्ले दाबून बंद होईपर्यंत. तीन पाव म्हणजे ०.७५ मि.मी. शेवटच्या ५ अंशांत रॅमला मिळणारी चाल ०.७६ मि.मी. म्हणजे ज्या ५ अंशांत प्रेसची खरी ताकद आहे, ते अख्खे प्ले भरून काढण्यात जातात. बुश का बसत नाही त्याचं उत्तर इथे आहे.

स्क्रूने रॅम खाली घेतला की जॉब आधीच टेकतो आणि काम पुन्हा होऊ लागतं, हे खरं. पण प्ले तिथेच राहतो. दर स्ट्रोकला तो धाडकन बंद होतो आणि भोक आणखी अंडाकृती होतं. शिवाय वरची काय, खालची काय, लिंक डावी-उजवी अशी जोडीने असते आणि दोन्हींतला प्ले सारखा नसतो, म्हणून रॅम तिरका दाबतो. रिव्हेटचं डोकं कलतं ते यामुळे.

घर्षणाचा भाग थोडा अवघड आहे, पण सगळी दुरुस्ती त्याच्यावर ठरते. वरच्या सूत्राप्रमाणे कोन शून्य झाला की जोर अनंत व्हायला हवा. तसं होत नाही, कारण पिनेला घर्षण असतं. पिनेच्या केंद्राभोवती एक छोटं वर्तुळ कल्पा, त्याची त्रिज्या म्हणजे पिनेची त्रिज्या गुणिले घर्षणांक. याला घर्षणवर्तुळ म्हणतात. लिंकमधून जाणारा जोर पिनांच्या केंद्रांतून न जाता या दोन वर्तुळांना स्पर्श करत तिरका जातो. लिंकच्या दोन्ही टोकांचं घर्षण लिंकला एकाच दिशेने अडवतं, त्यामुळे प्रत्यक्ष कोनात जादा कोन मिसळतो. रेडियनमध्ये तो साधारण दुप्पट घर्षणांक गुणिले पिनेची त्रिज्या, भागिले लिंकची लांबी. पिन १६ मि.मी. आणि ग्रीस चांगलं असेल, घर्षणांक ०.१ धरला, तर हा जादा कोन ०.९२ अंश येतो. पिन कोरडी, घर्षणांक ०.३ असेल तर २.७५ अंश. म्हणून कागदावर १ अंशाला मिळणारे १,४३२ किलो ग्रीस लावलेल्या प्रेसमध्ये सुमारे ७५० होतात आणि कोरड्या प्रेसमध्ये ३८०. नुसत्या ग्रीसने जोर दुप्पट होतो, यात अतिशयोक्ती नाही.

याच सूत्रातून आणखी एक गोष्ट निघते. भोक झिजलं की ते मोठं करून जाड पिन घालणं हा बाजारातला आवडता उपाय आहे. १६ ऐवजी २० मि.मी. पिन घातली की घर्षणवर्तुळ २५ टक्के मोठं होतं आणि हँडल जड चालतं. म्हणून पिन मूळ मापाचीच ठेवायची आणि भोकात बुश घालायचा.

उघडण्याआधी प्रत्येक लिंकवर सेंटर पंचने खुणा करा: डावी-उजवी, वरची-खालची, पुढची बाजू. सर्कलिप किंवा ग्रब स्क्रू काढून पिना पितळी पंचने ठोकून काढा. पोलादी पंचने पिनेचं तोंड फुलतं आणि निघताना ती भोक खरवडते. सगळं डिझेलमध्ये धुवा. पिन मायक्रोमीटरने तीन ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी काटकोनात दोनदा मोजा. भोक बोअर गेजने तसंच. एका सांध्यात ०.१० मि.मी.पेक्षा जास्त प्ले आला तर बुश घालायची वेळ झाली असं समजा.

लिंक दाबाखाली असते, त्यामुळे पिन भोकाच्या आतल्या बाजूला, म्हणजे लिंकच्या मध्याकडे रेटते. झीज तिथेच होते. दोन भोकं जणू एकमेकांकडे सरकतात आणि लिंक आखूड होते. बाहेरच्या टोकाकडचा अर्धा भाग जवळपास मूळ मापाचाच राहतो. बोअरिंग, म्हणजे भोक कापून मोठं करताना डायल गेज त्या अर्ध्या भागावर लावून मूळ केंद्र शोधायचं. इथे सरळ रीमर (भोक मापात गुळगुळीत करणारं हत्यार) फिरवायचा मोह आवरा. रीमर असलेल्या भोकामागे जातो, केंद्र सुधारत नाही. अंडाकृती भोकात रीमर घातला तर चुकीच्या जागी छान गुळगुळीत भोक मिळतं.

काम मिलिंगवर किंवा लेथच्या फेसप्लेटवर सिंगल पॉइंट टूलने करा. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे जोडीच्या दोन्ही लिंक एकत्र क्लॅम्प करून एकाच सेटिंगमध्ये बोअर करा. दोन्हींच्या केंद्रांतलं अंतर ०.०५ मि.मी.ने जरी वेगळं आलं, तरी आधी एकच लिंक सगळा भार घेते आणि दुसरी जवळपास रिकामी फिरते. बोअर २० मि.मी. एच७, बुश बाहेरून २० मि.मी. पी६ (एच७, पी६ ही मापात किती फरक चालतो ते सांगणारी चिन्हं), म्हणजे घट्टपणा १ ते ३५ मायक्रॉन. बुश फॉस्फर ब्राँझचा, ज्याला दुकानात पीबी म्हणतात. तो व्हाइसमध्ये किंवा दुसऱ्या प्रेसवर सरळ दाबा, हातोडीने नको. दाबल्यावर आतलं माप आक्रसतं, म्हणून आतला १६ मि.मी. एच७ रीमर बसवल्यानंतर मारायचा, ०.१ ते ०.२ मि.मी. माल शिल्लक ठेवून. रीमर उलटा फिरवू नका, धार जाते. पिन १६ मि.मी. एफ७ ग्राइंड करून घेतली की प्ले १६ ते ५२ मायक्रॉनमध्ये राहतो.

पिन केस हार्डन केलेली घ्यावी, पृष्ठभाग ५८ ते ६० एचआरसी (कडकपणाचं रॉकवेल माप) आणि गाभा चिवट. आरपार कडक केलेली पिन धक्क्याने तुटू शकते. 'दोन्ही कडक केलं की झिजणारच नाही' हा गैरसमज फार पसरलेला आहे. आर्चर्ड यांनी १९५३ मध्ये मांडलेल्या नियमानुसार झिजलेलं आकारमान भार आणि घसरण्याचं अंतर यांच्या प्रमाणात वाढतं आणि कडकपणाच्या प्रमाणात कमी होतं. पण त्यात धातूंच्या जोडीचा एक गुणांकही असतो आणि तो हजारपटीने बदलू शकतो. पोलाद पोलादावर कोरडं घासलं की दोन्ही एकमेकांना चिकटून ओरबाडतात. ब्राँझ पोलादाला तसं चिकटत नाही, आणि झिजायचंच तर स्वस्त बुश झिजतो.

वंगणाचंही तसंच. कारच्या क्रँकशाफ्टमध्ये वेगामुळे तेलाचा थर तयार होतो आणि धातू धातूला लागत नाही. टॉगलची पिन पूर्ण फिरत नाही, साठ-सत्तर अंश मागेपुढे डोलते, आणि भार सर्वांत जास्त असतो नेमकी तेव्हा ती जवळजवळ थांबलेली असते. थर तयारच होत नाही. म्हणून पातळ मशीन ऑइल इथे निरुपयोगी. मॉलिब्डेनम डायसल्फाइड असलेलं काळं ग्रीस घ्या, कारण त्याचे पापुद्रे धातूवर चिकटून राहतात. ग्रीसचं भोक लिंकच्या बाहेरच्या टोकाकडून पाडा, भार नसलेल्या बाजूने. 'नॅनो' लिहिलेल्या महागड्या बाटल्यांनी अंडाकृती भोक गोल होत नाही.

रॅमची वाट मधे कमी आणि दोन तोंडांना जास्त झिजते, कारण तिरका रॅम तिथेच टेकतो. बिडावर साध्या रॉडने वेल्डिंगची भर घालू नका, शेजारचा भाग ठिसूळ होऊन तडकतो. रॅमला हार्ड क्रोम करून ग्राइंड करणं किंवा बॉडीत स्लीव्ह घालणं हे दोन रस्ते बरे. रॅम जिबपट्टीत (बाजूने आवळता येणाऱ्या पट्टीत) चालत असेल तर पट्टी घासून नुसतं सेटिंग पुरतं.

शेड बदलल्यावर प्रेस बिघडली की 'जागा लाभत नाही' म्हणून तिचं तोंड पूर्वेला फिरवणारे कारखाने आजही आहेत. नव्या जागी टेबल वाकडं असतं आणि बोल्ट आवळताना बेस पिळला जातो, एवढंच घडलेलं असतं. लेव्हल लावून बेसखाली शिम, म्हणजे पातळ पत्र्याचे तुकडे, घाला. खंडेनवमीला पूजा जरूर करा, पण लिंबू ग्राइंड केलेल्या रॅमवर पिळू नका. त्यातल्या आम्लाने पृष्ठभागाला खड्डे पडतात.

जोडणी झाल्यावर पहिला स्ट्रोक मारण्याआधी, प्ले झाकण्यासाठी खाली घेतलेला स्क्रू पुन्हा वर घ्या. प्ले गेला म्हणजे रॅम आता आधीपेक्षा पाऊण मिलिमीटर खाली पोचतो. टॉगल सरळ होताना, घर्षण सोडलं तर, जोराला आवर घालणारी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे बॉडीचं ताणलं जाणं. सी आकाराची बिडाची बॉडी आतल्या कोपऱ्यात तडकते ती याच चुकीने.

मग रॅमखाली सोल्डरच्या तारेचे चार तुकडे चार बाजूंना ठेवून दाबा आणि जाडी मोजा. फरक ०.०५ मि.मी.च्या आत हवा. काही शे स्ट्रोकनंतर ग्रीस पुसून बघा. पहिल्यांदा त्यात ब्राँझची सोनेरी झाक दिसेल, ती चालते. नवं ग्रीस भरल्यावरही एकाच बाजूच्या बुशातून सोनेरी ग्रीस येत राहिलं, तर जोडीच्या लिंकची अंतरं जुळलेली नाहीत. पिन घासून ढिली करू नका, दोन्ही लिंक पुन्हा एकत्र क्लॅम्प करून बोअरिंगला लावा.