वाचनालयाच्या दारातून आलेले राजकारण

मराठवाड्यात पुस्तकावरची चर्चा फार वेळ पुस्तकापुरती राहत नाही. कवितेवर बोलायला बसलेली माणसे अर्ध्या तासात जायकवाडीच्या पाण्यावर येतात. पाण्यावरून पेटलेला वाद मराठवाड्याला हमी देणारा नागपूर करार, विकासाचा साचलेला अनुशेष, निजामाविरुद्धचा मुक्तिसंग्राम असा मागे मागे जातो आणि कुणीतरी कपाटातून एखादा जाडजूड अहवाल काढतो तेव्हाच थांबतो. बाहेरून आलेल्यांना हे विषयांतर वाटते. इथे मात्र साहित्य आणि राजकारण पहिल्यापासून एकाच खोलीत वाढले, कारण दुसरी खोली उघडायला परवानगीच नव्हती.

आजचे आठ जिल्हे तेव्हा पाच होते आणि हैदराबाद संस्थानात होते. असहकार आणि खिलाफतीचे वारे संस्थानात शिरू नये म्हणून 1921 साली निजाम सरकारचा एक हुकूम निघाला. सभा घ्यायची तर आधी सरकारची मंजुरी घ्या, असा त्याचा सरळ अर्थ. पुण्यात किंवा सोलापुरात संध्याकाळी मैदानावर भाषण ठोकता येत होते. तसे परभणीत किंवा बीडमध्ये करणाऱ्याची थेट पोलिसांशी गाठ पडायची. मग बोलायचे कुठे? कीर्तनात, गणपतीच्या मेळ्यात, शाळेच्या स्नेहसंमेलनात आणि सगळ्यात जास्त वाचनालयात. परभणीचे गणेश वाचनालय 1901 सालचे. अशा ठिकाणी एक जण वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचा आणि बाकीचे भोवती बसून ऐकायचे. साक्षरता इतकी कमी होती की एका अंकावर वीस-पंचवीस माणसांची तहान भागवावी लागे. वाचणारा मध्येच थांबून समजावून सांगत असे, ऐकणारा शंका विचारत असे. याला सभा म्हणता येत नव्हते, म्हणून ती बंदही करता येत नव्हती.

शाळांचीही गोष्ट तीच. 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षणाचे माध्यम उर्दू होते आणि मराठी मुलाला वर चढायला जिना उर्दूचाच होता. त्यामुळे औरंगाबादची 1915 सालची सरस्वती भुवन, 1921 ची हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा, अंबाजोगाईची योगेश्वरी या संस्था नुसत्या शाळा राहिल्या नाहीत. हिप्परग्याला आणि पुढे अंबाजोगाईला मुख्याध्यापक असलेले व्यंकटेश खेडगीकर म्हणजेच स्वामी रामानंद तीर्थ. संस्थानातल्या लढ्याचे नेतृत्व मास्तरांच्या आणि वकिलांच्या हाती गेले ते यामुळे. त्यांना वर्गात बोलायची मुभा होती, कोर्टात बोलायची मुभा होती. 1937 साली परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले, त्या वेळी व्यासपीठावर आणि समोर मुख्यतः हाच वर्ग होता.

पुढच्याच वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेसवर बंदी आली, तीही संघटना रीतसर उभी राहण्यापूर्वीच. नोव्हेंबर 1938 मध्ये औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजातल्या मुलांनी वंदे मातरम् म्हणायचा हट्ट धरला. लोण हैदराबादला पोहोचले आणि शेकडो विद्यार्थी विद्यापीठाबाहेर फेकले गेले. त्यांतल्या बऱ्याच जणांनी नागपूर विद्यापीठाची वाट धरली. आ. कृ. वाघमाऱ्यांनी ‘मराठवाडा’ साप्ताहिक काढले ते याच सुमारास. त्याच्यावर बंदी आली की ते दुसरे नाव घेऊन पुन्हा वाचकांच्या हाती पडे. 1943 साली उभी राहिलेली मराठवाडा साहित्य परिषद याच काळाचे अपत्य. साहित्याच्या नावाखाली माणसे जमवणे ही तेव्हा पळवाट नव्हती. भाषा टिकवणे हेच त्या माणसांचे राजकारण होते.

इथे एक बाजू नेहमी सांगायची राहून जाते आणि ती राहू नये असे मला मनापासून वाटते. उर्दू ही इथे फक्त सत्तेची भाषा नव्हती. औरंगाबाद हे वली आणि सिराज या उर्दू कवींचे शहर. उर्दूच्या वाढीसाठी झटणाऱ्या अंजुमन तरक्की-ए-उर्दू या संस्थेचे मुख्य कार्यालय दिल्लीला जाण्यापूर्वी पंचवीसेक वर्षे औरंगाबादेत होते आणि मौलवी अब्दुल हक यांनी तिथूनच कोश, व्याकरण, जुन्या दखनी हस्तलिखितांचे संपादन असा पसारा उभा केला. इथे मुशायरे होत आणि ग्रंथांवर वाद होत. मराठी वाचनालय आणि उर्दू अंजुमन एकाच गावात, काही गल्ल्यांच्या अंतरावर, एकमेकांकडे पाठ करून बसली होती. रझाकारांच्या काळाने आणि 1948 च्या पोलीस कारवाईने ते अंतर इतके वाढवले की आज आपल्या वादविवादाच्या इतिहासात अब्दुल हक यांचे नावही घेतले जात नाही.

17 सप्टेंबर 1948 नंतर तोंडावरची पट्टी निघाली. दोनच वर्षांत, 1950 साली, नांदेडला पीपल्स कॉलेज आणि औरंगाबादला डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय सुरू झाले. पुढच्या तीस वर्षांतली इथली निम्मी-अर्धी वैचारिक भांडणे या दोन आवारांतून निघाली.

नांदेडच्या आवारात नरहर कुरुंदकर होते. ते 1932 सालचे, नांदापूरचे. हैदराबादेत मामा डॉ. नांदापूरकर यांच्या घरी पुस्तकांत वाढले, मुक्तिसंग्रामात ओढले गेले. पदव्या उशिरा मिळाल्या आणि नाव त्यांच्या खूप आधी झाले. भरताचे नाट्यशास्त्र, मनुस्मृती, शिवाजी महाराज, हैदराबादचा प्रश्न, इस्लाम, समाजवाद अशा कुठल्याही विषयावर ते गावोगाव बोलत आणि श्रोत्याला कमी लेखत नसत. त्यांची मांडणी ठरलेली असे. विरोधकाची बाजू आधी पूर्ण ताकदीने उभी करायची, इतकी की तीच खरी वाटावी, आणि मग तिच्यातला एकेक दुवा निखळवायचा. तालुक्याच्या गावातला शिक्षक हे ऐकून घरी जायचा तो वाद कसा घालावा हे शिकून. 10 फेब्रुवारी 1982 रोजी व्यासपीठावरच त्यांना मृत्यूने गाठले. त्यांची मते पटोत न पटोत, प्रतिपक्षाला आधी न्याय देण्याची ही शिस्त मराठवाड्याने त्यांच्याकडून घेतली. आज ती कमी दिसते याचे वाईट वाटते.

औरंगाबादच्या महाविद्यालयाला बाबासाहेबांनी मिलिंदाचे नाव दिले आणि आवाराला नागसेनवन म्हटले. राजा प्रश्न विचारतो, भिक्षू उत्तर देतो आणि पटले की राजा मान्य करतो, हा ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथातला संवाद त्यांनी विद्यार्थ्यांपुढे ठेवला. जुन्या वाचनालयांत ज्यांच्या बापजाद्यांना उंबऱ्याच्या आत यायला मिळाले नव्हते, ती मुले इथल्या वसतिगृहांत राहिली, ग्रंथालयात बसली आणि लिहू लागली. गंगाधर पानतावण्यांचे ‘अस्मितादर्श’ साठच्या दशकाच्या अखेरीस याच वातावरणातून निघाले. दलित साहित्याची बरीचशी वादावादी त्याच्या पानांवर झाली. आधीच्या परंपरेचा दरवाजा किती अरुंद होता, हे या अंकांमुळे स्वच्छ दिसले.

दोन्ही आवारांची खरी परीक्षा 1978 साली झाली. 1958 साली सुरू झालेल्या मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव 27 जुलै 1978 रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत मंजूर झाला आणि मराठवाडा पेटला. दलित वस्त्या जाळल्या गेल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावात पोचीराम कांबळे यांची हत्या झाली. पुढे दैनिक झालेल्या ‘मराठवाडा’चे संपादक अनंत भालेराव आणि गोविंदभाई श्रॉफ हे दोघेही निजामाच्या तुरुंगातून तावून निघालेले होते, भालेराव तर आणीबाणीतही आत गेले होते. हे दोघे नामांतराच्या विरोधात उभे राहिले. मराठवाडा हे नाव मुक्तीच्या लढ्याने मिळवले आहे, हा त्यांचा मुद्दा प्रामाणिक होता हे मी मानतो. तरीही शब्दांनी लढण्याची सवय असलेल्या या प्रदेशात शब्द संपून काडी पेटली, तेव्हा त्या परंपरेने वस्तीच्या बाजूने पुरेशा मोठ्या आवाजात बोलायला हवे होते. ते झाले नाही. जुने नाव ठेवून त्याला आंबेडकरांचे नाव जोडणारा नामविस्तार होईपर्यंत 14 जानेवारी 1994 उजाडला. मधल्या साडेपंधरा वर्षांत एकमेकांची मासिके वाचणारी, एकमेकांच्या व्याख्यानांना जाणारी माणसे दुरावली, आणि अनेक गावांत वेगवेगळ्या व्याख्यानमाला, वेगवेगळी संमेलने ही रीत पडली. 2022 साली उदगीरला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आणि त्याला पर्याय म्हणून भरणारे विद्रोही संमेलन एकाच गावात, एकाच सुमारास भरले, त्याची मुळे बऱ्याच अंशी इथे आहेत.

मधल्या काळात विकासाचा वादही कागदांवरच लढला गेला. 1953 चा नागपूर करार, विकास मंडळांची तरतूद करणारे घटनेचे कलम 371(2), अनुशेष मोजणारा दांडेकर समितीचा 1984 चा अहवाल ही नावे इथल्या चहाच्या हॉटेलात सहज ऐकू येतात. 1994 साली आलेल्या मराठवाडा विकास मंडळाची मुदत 30 एप्रिल 2020 रोजी संपली, आणि त्यासोबत आकडेवारी मागायचे एक हक्काचे दार बंद झाले. 1967 च्या ग्रंथालय कायद्याने गावोगाव वाचनालये झाली खरी. पण सगळ्यात खालच्या ‘ड’ वर्गाच्या कितीतरी वाचनालयांत अनुदानातून वर्तमानपत्रांची बिले भागवतानाच दमछाक होते. तिथे नवे पुस्तक यायचे कधी आणि त्यावर चार माणसे बसायची कधी?

ताजा अध्याय मराठा आरक्षणाचा. 1 सप्टेंबर 2023 रोजी जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत आंदोलकांवर लाठीमार झाला. त्यानंतर मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्या. संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. 2 सप्टेंबर 2025 च्या शासन निर्णयाने निजामकालीन नोंदींचे हैदराबाद गॅझेटियर थेट पारावर आले. एका जुन्या सरकारी दस्तऐवजावर गावेच्या गावे बोलू लागली. मराठा समाज त्यात आपला पुरावा पाहतो, ओबीसी समाज त्याच नोंदींच्या अर्थाला हरकत घेतो. दोघांनाही हा दस्तऐवज मुळातून पाहायचा आहे. अडचण अशी की जुन्या नोंदी मोडीत, उर्दूत, काही फारसीत आहेत आणि त्या वाचू शकणारी माणसे जिल्ह्यागणिक बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. दोन्ही बाजूंचे लोक शेवटी दुसऱ्याने केलेल्या वाचनावर विसंबून भांडत आहेत. विद्यापीठाने आणि साहित्य परिषदेने या नोंदी लिप्यंतर करून प्रत्येक तालुक्याच्या वाचनालयात ठेवाव्यात. दोन्ही बाजूंच्या माणसांनी एका टेबलाशी बसून त्या वाचाव्यात अशी व्यवस्था व्हावी, आणि ती लवकर व्हावी.