निराधार अनुदान: अर्ज कुठे करायचा आणि खोटा दाखला जोडला तर काय

संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसीलमधल्या संजय गांधी शाखेकडे जातो. सातारा जिल्ह्यात खटाव तालुक्यातल्यांनी त्यासाठी वडूज गाठायचं, माणमधल्यांनी दहिवडी, जावळीतल्यांनी मेढा. सेतूतून भरला तरी चालतो, पण पोचपावती घेतल्याशिवाय उठू नका.

वय 18 ते 65, राज्यात 15 वर्षं वास्तव्य, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत. दिव्यांगांना ही मर्यादा 50,000. पासष्टीपुढच्यांसाठी श्रावणबाळ योजना आहे. महिना 1500 रुपये मिळतात, दिव्यांगांना ऑक्टोबर 2025 पासून 2500. आधार, रेशनकार्ड, वयाचा आणि रहिवासी दाखला, पासबुक लागतं. विधवांनी पतीच्या मृत्यूचा दाखला जोडायचा, दिव्यांगांनी किमान 40 टक्क्यांचं प्रमाणपत्र. त्याची तपासणी साताऱ्याच्या सिव्हिल हॉस्पिटलला होते.

खरं घोडं अडतं उत्पन्नाच्या दाखल्यावर. 21,000 म्हणजे महिन्याला 1750. रोजची 300 रुपये मजुरी धरली तर 70 दिवसांतच मर्यादा गाठली जाते. ही अट कालबाह्य आहे, असं माझं स्पष्ट मत. पण म्हणून ‘दाखल्याचं मी बघतो’ म्हणणाऱ्या एजंटाच्या नादी लागू नका. सही-अंगठा अर्जदाराचा असतो आणि स्वयंघोषणापत्रही त्याच्याच नावाचं.

चौकशीत खोटं निघालं तर अनुदान बंद होतं, उचललेली रक्कम वसूल होते आणि फौजदारीही होऊ शकते. भारतीय न्याय संहितेच्या कलम 318(4) खाली फसवणुकीला सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड. आधार किंवा सरकारी दाखला बनावट केला तर कलम 337, तिथेही सात वर्षांपर्यंत. बनावट आहे हे ठाऊक असून तो नुसता वापरला, तरी शिक्षा बनवणाऱ्याइतकीच. प्रकरण 1 जुलै 2024 च्या आधीचं असेल तर जुन्या भारतीय दंड संहितेची 420, 468, 471 ही कलमं लागतात. दिव्यांगांचा लाभ लबाडीनं घेतला तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 91 आहेच: दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पैसे परत भरले म्हणून गुन्हा आपोआप मिटत नाही.

घरच्यांनी एक सांभाळावं. आजी गेल्यावरही तिचं एटीएम कार्ड नातवाच्या खिशात राहतं आणि पैसे निघत राहतात. हयातीच्या दाखल्याला दुसरीच म्हातारी उभी केली तर तोतयेगिरीचं कलम 319, पाच वर्षांपर्यंत. मृत्यूची नोंद झाली की दाखल्याची एक प्रत संजय गांधी शाखेत आणि एक बँकेत द्या, पोच घ्या.