पाय उचलला, तरी क्लच दाबलेलाच

दार्जिलिंगजवळच्या संदकफूच्या ट्रेकला गेलेल्यांनी वाटेवरच्या मानेभंज्यांग गावात जुन्या लँड रोव्हर पाहिल्या असतील. त्यातल्या ‘सिरीज वन’ गाड्यांत पेडलपासून क्लचपर्यंत (क्लच म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारा-सोडवणारा भाग) सगळा कारभार दांड्या आणि तरफांचा; काही अडलं तर डोळ्यांना दिसतं. १९५८ मध्ये इंग्लंडातल्या सॉलिहलच्या कारखान्यातून ‘सिरीज टू’ आली आणि दांड्यांचं काम द्रवाकडे गेलं. तेव्हापासून बिघाड नळीच्या आत लपून बसतो.

तत्त्व सतराव्या शतकातल्या पास्कलचं: बंदिस्त द्रवावरचा दाब सगळीकडे सारखाच पोहोचतो. पेडलपाशी मास्टर सिलिंडर, गिअरबॉक्सपाशी स्लेव्ह सिलिंडर, मध्ये नळी. समजा मास्टरचा व्यास पाऊण इंच आणि स्लेव्हचा एक इंच आहे. मग जोर पावणेदोन पटींहून थोडा जास्त मिळतो, पण स्लेव्हचा दट्ट्या तेवढाच कमी सरकतो: इकडे ३० मिलिमीटर, तर तिकडे जेमतेम १७. या हिशेबात उधळायला काही शिल्लक नसतं. नळीत हवेचा बुडबुडा अडकला आणि दाबाखाली तो एक मिलिलिटरने आक्रसला, तर स्लेव्हची दोन मिलिमीटर चाल बुडाली. क्लच पुरता सुटत नाही, म्हणजे इंजिन गिअरबॉक्सपासून वेगळं होत नाही, आणि गिअर करकरतो. यावर हवा काढणे हा उपाय, आणि तो बहुतेकांना ठाऊक असतो.

फसवतो तो उलटा आजार. क्लच सुटतो, पण परत बसत नाही, म्हणजे इंजिन पुन्हा गिअरबॉक्सला जोडलं जात नाही. पाय उचलला, पेडल वर आलं, तरी गाडी दोन-तीन सेकंद जागची हलत नाही. कधी हलतच नाही. अशा वेळी लोक गिअरबॉक्स उतरवून क्लच प्लेट बदलतात, आणि नवी प्लेटही तशीच वागते.

सपाट जागी इंजिन बंद करा, गिअर टाका आणि गाडी ढकला. गिअरमध्ये असूनही ती सरकली, तर क्लच अजून दाबलेलाच आहे. आता चाकांना दगड लावा. मास्टर सिलिंडरवरचा नळीचा नट जरासा सैल करा. तिथून द्रवाची चिळकांडी उडाली आणि क्लच बसला, तर दोष मास्टरचा. काही झालं नाही, तर नट आवळून खाली स्लेव्हचं निपल (हवा काढायचा स्क्रू) सैल करा. इथे सुटका झाली, तर दोन्हींच्या मधे काहीतरी तुंबलंय. इथेही काही नाही, तर द्रव निर्दोष. मग स्लेव्हचा दट्ट्या, त्याने ढकलला जाणारा क्लचचा फोर्क आणि बेअरिंग पाहायचं. नट फिरवायचे दोन पाने, दहा मिनिटं. एकही सुटा भाग विकत घेण्याआधी हे करावं, असं माझं ठाम मत आहे.

मधे तुंबतं ते बहुधा रबरी होजमध्ये, म्हणजे नळीच्या लवचिक तुकड्यात. बाहेरून होज ठणठणीत दिसतो, पण कापून पाहिला तर आतलं रबर फुगून भोक टाचणीएवढं उरलेलं. कधी आतला पापुद्रा सुटून त्याची जीभ होते. जाणारा द्रव तिला बाजूला सारतो, परतणारा द्रव तिच्यानेच अडतो.

मास्टरचा दोष याहून गमतीचा. दट्ट्या पूर्ण मागे आला की द्रवाच्या छोट्या टाकीकडे जाणारं एक बारीक भोक उघडं पडतं. पेडलच्या दांडीला किंचित मोकळीक ठेवली नसेल, तर दट्ट्यावरचं रबरी सील त्या भोकावरच बसून राहतं. सकाळी गाडी शहाण्यासारखी चालते. इंजिन तापलं की द्रव फुगतो, त्याला टाकीत जायला वाट नसते, तो स्लेव्हला ढकलतो आणि क्लच घसरू लागतो. दुरुस्ती म्हणजे दांडीचा नट फिरवून मोकळीक देणं. खर्च शून्य.

आपण या द्रवाला ‘ब्रेक ऑइल’ म्हणतो, आणि नावानेच घात होतो. ते तेल नाही. चुकून खरंच इंजिन ऑइल ओतलं, तर ब्रेकसाठी बनवलेली रबरी सील फुगून सिलिंडरमध्ये घट्ट बसतात. शिवाय नेहमीचा डॉट ३ किंवा डॉट ४ प्रतीचा द्रव हवेतलं पाणी शोषतो. क्लचमध्ये तो उकळण्याची भीती फारशी नाही. भीती गंजाची आहे. सिलिंडरच्या भिंतीला खड्डे पडतात आणि दट्ट्या त्यांत अडखळतो. टाकीतला द्रव काळ्या चहासारखा दिसला, तर तो बदलायची वेळ केव्हाच उलटलीय. (तो रंगावर सांडू देऊ नका. सांडलाच तर लगेच पाणी ओता, नाहीतर रंग सुटून येतो.)

दमट गोठ्यात महिनोन्महिने उभ्या राहिलेल्या गाडीची गोष्ट वेगळी. तिथे पेडल, मास्टर, स्लेव्ह सगळं चोख असतं, पण प्लेट गंजाने इंजिनाच्या जड चाकाला, फ्लायव्हीलला, चिकटलेली असते आणि क्लच सुटतच नाही. जुन्या गाड्या पाळणारे इंजिन गरम करतात, मग पेडल पूर्ण दाबून, लाकडाच्या ठोकळ्याने तसंच अडकवून रात्रभर ठेवतात. कधी सकाळी ‘टक्’ असा आवाज येतो आणि प्लेट सुटते. नाही आला, तर गिअर टाकून, पेडल दाबून मोकळ्या मैदानात स्टार्टर मारायचा. गाडी त्याच क्षणी उडी घेते, म्हणून पुढे भिंत, माणूस किंवा म्हैस नको.